कंबरेचा दोर

मराठीत कुठलंही अवघड काम असलं की सगळ्यात आधी कंबर कसायची. हात नाही, पाय नाही, थेट कंबर! पदर खोचायचा, कासोटा घालायचा, शेला आवळायचा आणि मग पुढचं काय ते. पोराला धड बसताही येत नसतं तेव्हापासून त्याच्या कंबरेला करदोटा असतो. आणि 'नाडा' हा शब्द बघा. विजारीच्या नेफ्यात असतो तो नाडा, आणि बैल ज्या जाड दोराने मोट ओढायचे तोही नाडाच. कपड्यातली दोरी आणि विहिरीतला दोर, दोघांना एकच शब्द.

गेले काही दिवस डोक्यात हाच किडा वळवळतोय. निमित्त झालं एका पँटचं. कड्यावर चढणाऱ्यांसाठी अशी एक कल्पना अधूनमधून निघते की पँटमध्येच हार्नेस शिवून टाकायचं. म्हणजे वेगळं काही अडकवायला नको, पँट घातली की तुम्ही तयार. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हार्नेस म्हणजे कंबरेला एक रुंद पट्टा, दोन मांड्यांभोवती दोन पट्टे आणि समोर या सगळ्याला जोडणारं एक शिवलेलं कडं. दोर आणि तुम्ही यांच्यात जे काही असतं ते एवढंच.) पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, अरे, हे आधी कोणाला का सुचलं नाही? मग थोडं वाचत गेलो आणि लक्षात आलं की प्रश्न उलटा आहे. कपडा आणि दोर पहिल्यापासून एकत्रच होते. त्यांना वेगळं करायला माणसाला खूप वेळ लागला, आणि तो वेळ बऱ्यापैकी महागात पडला.

सुरुवात अर्थातच आपल्या गडांपासून. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. यशवंती घोरपडही माहीत असते. पण ही घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत तिचा पत्ता नाही, तिथे माणसं वानरासारखी चढतात. मला विचाराल तर वानरच बरे. चार-पाच किलोच्या प्राण्याने धरलेल्या दोरावर अंगावर शस्त्र असलेला माणूस लटकवायचा हे गणित काही केल्या सुटत नाही. असो, पोवाडा गणितासाठी लिहीत नाहीत.

माझा मुद्दा वेगळा आहे. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसं घेऊन पन्हाळा मारला, त्याआधी कोंढाणा, आणि त्याच्याही आधी दख्खनच्या सुलतानांच्या काळातले किल्ले. या सगळ्या गोष्टींमध्ये दोर आहेत, शिड्या आहेत, दोराच्या माळा आहेत. पण हा सगळा दोर कड्याला बांधलेला असतो, माणसाला नाही. तो धरून वर जायचं. हात सुटला तर दोर तिथेच राहणार आणि तुम्ही खाली. रायगडच्या हिरकणीच्या कथेत तर तोही नाही. लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि उतरली बाई कडा. ती दंतकथा आहे हे मान्य, पण शेकडो वर्षं लोकांना ती खरी वाटत आली, कारण कडा असाच उतरायचा असतो असंच सगळ्यांना ठाऊक होतं.

चढण्यासाठी दोर आणि वाचण्यासाठी दोर या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कल्पना युरोपात आल्प्समध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली. सगळ्यांनी एकाच दोराला स्वतःला बांधून घ्यायचं, एक घसरला तर बाकीचे धरतील. बांधायचं कुठे? कोटावरून, कंबरेला. झालं, कंबर कसली!

१४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर झाला. उतरताना सातपैकी एक घसरला आणि त्याने आणखी तिघांना ओढलं. दोर मधेच तुटला. चौघं गेले, वरचे तिघं वाचले ते दोर तुटला म्हणून. तेव्हापासून पुढची ऐंशी वर्षं गिर्यारोहणातली सगळी चर्चा एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली: दोर तुटतो. तागाचा असो नाहीतर मनिलाचा, झटका बसला की जातो. म्हणून नियम एकच, सगळ्यात पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही. (आमच्या कंपनीतही एका मॅनेजरचं बग्जबद्दल हेच धोरण होतं.)

कंबरेला बांधलेला दोर माणसाला काय करतो हे या गडबडीत कोणी विचारलंच नाही. विचारायची वेळच येत नव्हती, कारण जोराचा झटका बसला की बहुतेक वेळा दोरच आधी हार मानायचा. पण कधीकधी तो तुटायचा नाही. जुलै १९३६ मध्ये आयगरच्या उत्तर भिंतीवर चार तरुण अडकले. त्यातला एडी रेनर पडून मेला नाही. पोटाशी आवळलेल्या दोराने त्याचा श्वास कोंडला. चौथा, टोनी कुर्त्झ, दोरावर लटकत शेवटपर्यंत जिवंत होता. सोडवायला आलेले लोक त्याच्यापासून काही हातांवर होते, पण दोराची गाठ कॅराबिनरमधून पुढे सरकेना. बोटं गोठलेली. तो तिथेच गेला. या घटनेवर पुस्तकं झाली, सिनेमा झाला, आणि सगळ्यांना आठवते ती कुर्त्झची गाठ. मला मात्र रेनर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच्या दोराने त्याचं काम चोख केलं होतं.

मग नायलॉन आलं. १९३५ मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालं, दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर निघाले आणि युद्धानंतर ते डोंगरात पोचले. १९५३ मध्ये एडलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि वर विणलेली खोळ असा दोर आणला. आजही तुम्ही कुठल्याही क्लबाच्या सॅकमध्ये बघाल तो याच घराण्यातला. नायलॉन ताणलं जातं, झटका पोटात घेतं आणि तुटत नाही. शंभर वर्षांचा प्रश्न सुटला!

सॉफ्टवेअरवाल्यांना पुढचं सांगायला नको. एक मोठा बग सुटला की त्याच्यामागे इतकी वर्षं लपून बसलेला दुसरा बाहेर येतो. आता दोर तुटेना, तेव्हा साखळीतली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे माणसाची कंबर. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर गेले तेही कंबरेलाच दोर बांधून. पुढे लोकांनी दोराचे चार-पाच वेढे घ्यायला सुरुवात केली, मग रुंद नायलॉनची पट्टी गुंडाळायला लागले. दाब थोडा पसरला, बाकी काही बदललं नाही.

काय होतं नेमकं? कंबरेला बांधून लटकलात की दोर वर सरकतो, बरगड्यांच्या खाली येऊन बसतो आणि श्वासाचा पडदा दाबतो. शुद्ध असेल तर तुम्ही हात-पाय मारता, दोर धरून स्वतःला वर ओढता. शुद्ध गेली तर शरीर मधोमध दुमडतं आणि हात वर गेले तर माणूस फासातून खाली निसटूही शकतो. अमेरिकन हवाई दलाच्या एका अभ्यासात १९८७ मध्ये माणसांना हालचाल न करता लटकवून बघितलं, की कोण किती वेळ सहन करतो. अंगभर हार्नेस असेल तर सरासरी चौदा मिनिटांहून थोडं जास्त. नुसत्या छातीच्या पट्ट्यावर सहा मिनिटं. आणि कंबरपट्ट्यावर? दीड मिनिटाच्या थोडं पुढे. तीही निरोगी माणसं, प्रयोगशाळेत, शेजारी डॉक्टर उभे. हा आकडा मी दोनदा वाचला. दीड मिनिटात आपल्याकडे लिफ्ट येत नाही.

बरं, चांगलं हार्नेसही जादू नाही. चौदा मिनिटं म्हणजे काही तासभर नव्हे. पाय हलले नाहीत की रक्त खाली साठतं, मेंदूला कमी पडतं आणि शुद्ध जाते. १९७२ मध्ये इन्सब्रुकला पर्वतीय बचावकार्यातले डॉक्टर जमले होते तेव्हा अशा मृत्यूंची पहिल्यांदा नीट चर्चा झाली. म्हणजे एव्हरेस्ट चढून एकोणीस वर्षं झाल्यावर!

तोपर्यंत उत्तर बाजारात आलं होतं. डॉन व्हिलन्स हा मँचेस्टरकडचा प्लंबर, चढायला बेफाम आणि तोंडाने फटकळ. १९७० मध्ये ख्रिस बॉनिंग्टनच्या मोहिमेत अन्नपूर्णेची दक्षिण भिंत चढायची होती. त्या मोहिमेसाठी त्याने बसता येईल असं हार्नेस आखलं आणि ट्रोल नावाच्या छोट्या इंग्लिश कंपनीने ते शिवलं. २७ मे १९७० ला व्हिलन्स आणि डुगल हॅस्टन माथ्यावर पोचले. पुढची काही वर्षं जगभरचे लोक हेच व्हिलन्स हार्नेस घालून चढत होते.

याची रचना काय होती? कंबरेला पट्टा, मांड्यांना वेढे, आणि दोन पायांच्या मधून जाऊन समोर येणारी एक पट्टी. म्हणजे चक्क लंगोट! खरंच, चित्र बघा. आपले पैलवान शेकडो वर्षं जे बांधत आले त्याची ही नायलॉनमधली आवृत्ती. (पडल्यावर ती मधली पट्टी पुरुषांना काय आठवण करून द्यायची याचे किस्से इंग्लिश गिर्यारोहकांच्या आठवणींत भरपूर आहेत. पुढच्या डिझाइनांमध्ये ती पट्टी काढून मांड्यांचे वेढे सुटे केले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.) धोतराचा काचा, नऊवारीचा कासोटा, लंगोट, हे सगळे पायांमधून मागे किंवा पुढे जाऊन कंबरेला मिळतात. कपडा जागेवर राहायचा असेल तर त्याला मांड्यांचा आधार लागतो हे आपल्या बायाबापड्यांना कळलं होतं. पण हीच गोष्ट दोरालाही लागू आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोर आला की आपण परत कंबरच कसली.

आज हार्नेसच्या दोर बांधायच्या जागेने १५ किलोन्यूटन ओढ सहन केली पाहिजे असं युरोपियन मानक सांगतं, आणि चाचणीत दोराने माणसावर १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका येऊ द्यायचा नाही. १२ किलोन्यूटन म्हणजे साधारण दोन जुन्या मारुती ८०० चं वजन. ते मांड्यांवर आणि कंबरेवर वाटून घ्यायचं आहे.

आता त्या पँटकडे येऊ. कपड्यातच हार्नेस शिवायची कल्पना नवीन नाही. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाकडे डिफायंट नावाचं विमान होतं. त्याच्या मागच्या फिरत्या बुरुजात तोफची इतका कोंबून बसायचा की पॅराशूट पाठीला लावायला जागाच नाही. म्हणून त्याच्यासाठी पॅराशूट आणि त्याचे पट्टे अंगावरच्या पोशाखातच बसवले. जवान त्याला गेंड्याचा सूट म्हणायचे, यावरून तो किती सुखाचा असेल याची कल्पना करा.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २३ जानेवारी २००५, न्यूयॉर्कचं ब्राँक्स. आगीने कोंडलेल्या सहा फायरमननी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून उड्या मारल्या. दोघं गेले, चौघं जबर जखमी. या खात्यात पूर्वी प्रत्येकाला स्वतःचा दोर मिळायचा, पण नवीन जाड पोशाख आल्यावर तो दोर फार अवजड होतो म्हणून २००० च्या सुमारास बंद झाला होता. त्या दिवशी सहांपैकी फक्त जेफ कूलकडे स्वतः विकत घेतलेला एक दोर होता. तो आणि त्याच्याबरोबरचा आणखी एक जण त्याच दोराने थोडंफार उतरू शकले आणि त्या दिवशी वाचले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या फायरमनना जी व्यवस्था मिळाली तिच्यात हार्नेस पँटलाच जोडलेलं आहे आणि दोर पिशवीत तयार. आठवणीने काही घालायचंच नाही. पँट घातली की हार्नेस आलंच.

मग कड्यावर चढणाऱ्यांनी हे का उचललं नाही? पेटंटच्या कागदांत अशा पँटी सापडतात, दुकानात क्वचित. कारण आमच्या भाषेत सांगायचं तर टाइट कपलिंग. कड्यावर चढणारा सकाळी जाकीट घालतो, दुपारी काढतो, पावसात वरून आणखी काही चढवतो. हार्नेस या सगळ्याच्या वरून नीट बसायला हवं. पँट गुडघ्यावर दोन वर्षांत फाटते, मग आतलं चांगलं हार्नेसही फेकायचं? उलट पँट टिकली आणि आतली पट्टी झिजली तर ती दिसणार कशी? २३ ऑक्टोबर २००६ ला टॉड स्किनर हा अमेरिकेतला अत्यंत नावाजलेला क्लाइंबर योसेमिटीत पडून गेला, कारण त्याच्या हार्नेसचं समोरचं कडं झिजून तुटलं. ते उघड्यावर होतं, डोळ्यांसमोर. अस्तरात शिवलेलं कोण तपासणार? म्हणून छंद म्हणून चढणाऱ्यांनी हार्नेस वेगळं ठेवलं ते बरोबरच केलं. मुंबईच्या गिरिविहारने १९५४ पासून आणि पुण्याच्या गिरिप्रेमीने १९८२ पासून किती पोरांना दोर शिकवला असेल. तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात: हार्नेस घाल, बक्कल बघ, मग शेजाऱ्याचं बघ.

थोडक्यात, जिथे माणूस आठवणीने काही घालणार नाही, ज्याच्या कामाचा आणि धोक्याचा कपडा एकच असतो, तिथे शिवलेलं हार्नेस कामाचं.

आणि इथे मला आमचं तेलगाव आठवतं. बीड जिल्हा, धारूर तालुका. बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याचा मुलूख, वर घाटात सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधून काढलेला धारूरचा किल्ला. पण आमच्याकडे कडा चढायला कोणी जात नाही. आमचे कडे उलटे असतात, जमिनीत. पन्नास-साठ फुटांची विहीर, वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर खाली घ्यायची, गाळ काढायचा, फुटबॉलमध्ये अडकलेला कचरा साफ करायचा (हा फुटबॉल म्हणजे पाइपच्या तळाची झडप, खेळायचा नव्हे). कोणीतरी उतरतं. दोर कंबरेला. वर दोघं-तिघं धरून उभे. मी एकदा तिथल्या एका काकांना विचारलं होतं, की मांडीला पण बांधलं तर? ते म्हणाले, "आरं कंबरेला बांधलाय की, मग पडतंय कुठं!"

म्हणजे पडायचा प्रश्न त्यांनी सोडवलाय. गंमत अशी की इथेही आल्प्ससारखंच झालं. पूर्वी अंबाडीचे, घायपाताचे दोर, कुजायचे, तुटायचे. मग नायलॉन आलं. आता दोर तुटत नाही. आणि त्यामुळे विहिरीत पाय निसटलेला, किंवा तळाच्या कोंदट हवेत शुद्ध गेलेला माणूस त्याच कंबरेच्या फासावर लटकत वर ओढला जातो. साठ फूट. दोन माणसं, हाताने. दीड मिनिट.

कायद्यानेही बराच काळ कंबरच कसली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात टाकीत किंवा खड्ड्यात उतरणाऱ्यासाठी कलम ३६ होतं. अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. त्या काळाच्या मानाने हे पुढारलेलंच होतं, १९४८ मध्ये हिमालयात जाणारेही तेवढंच करत होते. अमेरिकेने बांधकामावर पडणाऱ्याला अडवण्यासाठी नुसता कंबरपट्टा १ जानेवारी १९९८ पासून बंद केला. आपल्या भारतीय मानकाची, आयएस ३५२१ ची, १९९९ ची आवृत्ती पट्टे आणि हार्नेस दोन्हींची होती. शेतातली विहीर मात्र कारखाना नसते, त्यामुळे तिथे १९४८ चं कलमही कधी पोचलं नाही.

विशेष खर्च न करता करता येण्यासारखं एक आहे. लष्करातले जवान ज्याला स्विस सीट म्हणतात ती. चार-साडेचार मीटर दोर कंबरेभोवती घ्यायचा, समोर एक वेढा मारून दोन्ही टोकं पायांमधून मागे न्यायची, कुल्ल्यांखालून वर आणून कंबरेच्या दोरात अडकवायची, आणि बाजूला पक्की गाठ मारायची. वर नेणारा दोर समोर कॅराबिनरने. मांड्यांवर बसल्यासारखा भार येतो. शिवलेल्या हार्नेसची सर नाही, उलटं लटकलं तर धोका आहेच, आणि शिकवणारा माणूस हवा. पण फासापेक्षा हजारपट बरं. ज्याला धोतराचा काचा मारता येतो त्याला हे शिकायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आणि त्याहून सोपी असती ती शिवलेली पँट. विहिरीत उतरणारा माणूस घरून बक्कल तपासून येत नाही. तो दुसऱ्या कामावर असताना हाक येते, तो अंगावर आहे त्यात उतरतो. अडचण एवढीच की ती घेणार कोण. न्यूयॉर्कच्या फायरमनला पँट खातं देतं. कड्यावर चढणारा पगारातून घेतो. इथे मोटर मळेवाल्याची, दोर मळेवाल्याचा, आणि उतरणारा त्या दिवसापुरता रोजाने आलेला. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच्या विहिरीवर असतो. तेलगावच्या चौकात मोटर मिळते, केबल मिळते, पाइप मिळतो. दोर किलोवर मिळतो, दुकानदार तो वजन करून कापून देतो आणि विचारतो, विहीर किती फूट? कंबर कोणाची, ते विचारायचं त्याला काही कारण नसतं.